नितळ, वेगवान पाण्यातला स्मॉलमाउथ: ल्युअर नंतर, आधी उभं कुठे राहायचं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नुकताच व्हर्जिनियात राहायला आलोय, शनिवार-रविवार शेनँडोआ नदीच्या साउथ फोर्कवर (दक्षिणेकडच्या फाट्यावर) किंवा हार्पर्स फेरीच्या खाली पोटोमॅक नदीवर जातो, पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजता येतात, मासे समोर फिरताना दिसतात, दुकानातल्या माणसाने दिले ते सगळे ल्युअर (नकली आमिषं) टाकून झाले पण स्मॉलमाउथ (बास जातीचा शिकारी मासा) काही घेत नाही. कुठला ल्युअर घेऊ, वेडर्स (पाण्यात उतरायला घालतात ती पाणी न शिरणारी पँट) घ्यावेत का, आणि मिळालाच तर खाता येतो का.

आधी ल्युअरचं सांगतो. तुमच्याकडे आहेत ते बहुतेक ठीकच असणार, अजून पैसे घालू नका. स्वच्छ आणि जोरात वाहणाऱ्या पाण्यात दोनच गोष्टींवर सगळं ठरतं, तुम्ही उभे कुठे आहात आणि तुमचं आमिष धारेबरोबर कसं वाहत येतंय. या दोन जमल्या की साधा तीन इंचाचा हिरवट तपकिरी रबरी तुकडासुद्धा मासा काढून देतो आणि या दोन चुकल्या तर वीस डॉलरचा जपानी ल्युअर पण नुसता दगडात अडकून तुटतो. बराच काळ याच नद्यांवर फिरतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, तुम्हाला जे मासे "समोर फिरताना दिसतात" ते बहुतेक स्मॉलमाउथ नाहीतच. डोहात संथपणे घोळक्याने फिरणारे, तळाला तोंड लावून चाललेले लांबट मासे म्हणजे सकर. मोठे, सोनेरी, जाड खवल्यांचे म्हणजे कार्प, आपल्याकडे सायप्रिनस म्हणतात ना तोच. चंदेरी, चपळ, ल्युअरच्या मागे धावणारे फॉलफिश. स्मॉलमाउथ ब्राँझ रंगाचा असतो, अंगावर उभे गडद पट्टे, डोळ्यात लालसर झाक, आणि तोंड मिटल्यावर जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे जात नाही (त्याच्या भाऊबंदाचं, लार्जमाउथ बासचं, जातं, फरक ओळखायची ही सगळ्यात पक्की खूण). त्याचा रंग दगडावरच्या शेवाळात इतका मिसळतो की चांगला मासा तुम्हाला दिसतो तो बहुतेक वेळा पळताना. आणि उघड्यावर फिरणारा एखादा खरा स्मॉलमाउथ दिसलाच, तरी त्याने तुम्हाला आधीच पाहिलेलं असतं, त्याच्या मागे तास घालवू नका. ज्या पाण्यात मासा दिसत नाही पण असायला हवा असं वाटतं तिथे टाका.

आता तो आपल्याला कसा बघतो ते समजून घ्या, कारण नितळ पाण्यात खरी अडचण ही आहे. पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, प्रकाश वाकतो त्यामुळे. त्या खिडकीचा व्यास खोलीच्या सव्वादोन पट असतो, म्हणजे तीन फूट खोल बसलेल्या माशाची खिडकी जेमतेम सात फुटांची. त्या खिडकीच्या बाहेर त्याला पाण्याच्या पृष्ठभागाच्या आतल्या बाजूवर तळाचंच प्रतिबिंब दिसतं. पण खिडकीच्या कडेला बाहेरचं जग दाबून, चपटं होऊन दिसतं, आणि पाण्याच्या पातळीपासून साधारण दहा अंशांच्या खाली जे काही असतं ते त्याला जवळपास ओळखू येत नाही. याचा हिशेब करून बघा. सहा फूट उंचीचा माणूस काठावर तीस फुटांवर ताठ उभा असेल तर तो अकरा अंशांच्या आसपास येतो, म्हणजे दिसला. तोच माणूस गुडघ्यावर बसला किंवा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला तर पाच-सहा अंशांवर आला, म्हणजे जवळजवळ गायब. त्यामुळे उंच काठावर, त्यातही मागे मोकळं आकाश असताना उभं राहून टाकणं हा नितळ पाण्यातला सगळ्यात वाईट प्रकार, आणि बरोब्बर तिथेच पार्किंग, पायवाट आणि बाकडं असतं म्हणून सगळे तिथेच उभे असतात.

मग करायचं काय. पाण्यात उतरायचं, खाली राहायचं, आणि शक्यतो माशाच्या मागून जायचं. मासा धारेकडे तोंड करून असतो म्हणजे तुम्ही खालच्या बाजूने वर चालत गेलात तर त्याच्या पाठीमागे राहता. वर चालण्याचा दुसरा फायदा असा की तुम्ही उडवलेला गाळ आणि खडखडणारे गोटे तुमच्या मागे वाहून जातात, अजून न टाकलेल्या पाण्यात जात नाहीत. सावली कुठे पडतेय ते बघा, संध्याकाळी सूर्य पाठीशी असला तर तुमची सावली तुमच्या आधी वीस-पंचवीस फूट माशापर्यंत पोचते. कपडे फिके हिरवे, राखाडी, मातकट. पोलराइज्ड चष्मा मात्र हवाच, तांबूस किंवा अंबर काचेचा, नदीत तळ वाचायला तोच चांगला, आणि हा खर्च मी रीलच्या आधी करायला सांगेन.

आणि खळाळातलं पाणी तुमच्या बाजूने असतं हे लक्षात घ्या. पृष्ठभाग तुटलेला असला की माशाची ती खिडकी पण तुटते, त्याला बाहेरचं नीट दिसत नाही, वर आवाज असतो, आणि आमिष झपकन येऊन जातं म्हणून त्याला नीट बघून ठरवायला वेळ मिळत नाही. संथ नितळ डोहात तोच मासा आमिषाच्या मागे दहा फूट येईल, नाक लावेल आणि वळून जाईल. म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी पाणी खाली गेलेलं आणि नितळ असताना मी डोहाकडे बघत पण नाही, सरळ खळाळात जातो. नवीन लोकांना वाटतं एवढ्या जोरात मासा टिकणार कसा. टिकतो, कारण तळाशी घर्षणामुळे पाणी वरच्यापेक्षा बरंच हळू वाहतं आणि फुटबॉलएवढ्या गोट्याच्या मागेसुद्धा एका माशापुरती जागा होते. शिवाय पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, खळाळात तो जास्त मिसळतो, आणि खाणं पण तिथेच असतं.

पाणी वाचणं म्हणजे नेमकं काय ते आता सांगतो, हे जमलं की बाकी सगळं सोपं.

स्मॉलमाउथला तीन गोष्टी एकाच जागी पाहिजेत. जोरात वाहणारं पाणी, जे खाणं घेऊन येतं. त्याला लागून हळू पाणी, जिथे दम न लागता बसता येईल. आणि आडोसा किंवा खोली, कारण वरून बगळा आणि ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) बघत असतात. त्यामुळे नुसतं वेगवान पाणी पण बेकार आणि नुसतं संथ पाणी पण बेकार, दोन्ही जिथे एकमेकांना घासतात ती रेघ शोधायची. पाण्यावर ती दिसते, एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत, मध्ये फेसाचे बुडबुडे एका ओळीत चाललेले. बुडबुडे जिथून जातात तिथूनच अन्न जातं, तुमचं आमिष पण तिथूनच गेलं पाहिजे.

मोठा दगड दिसला की सगळे त्याच्या मागे टाकतात. मागे मासा असतो हे खरं, पण पुढे पण असतो, आणि माझ्या अनुभवात मोठा मासा जास्त वेळा पुढे असतो. दगडावर पाणी आपटतं तिथे ते थबकतं, दगडाच्या पुढ्यात थोडी शांत जागा तयार होते, आणि वरून येणारा प्रत्येक क्रेफिश (गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला झिंग्यासारखा प्राणी), प्रत्येक मासोळी त्याला सगळ्यात आधी मिळते. म्हणून आधी दगडाच्या वर टाकायचं, मग दोन्ही बाजूंच्या रेघांवर, मग मागे. मागून सुरुवात केली आणि तिथला छोटा मासा उड्या मारत बाहेर काढला की पुढचा मोठा सावध झालाच म्हणून समजा.

पोटोमॅकवर ब्रन्सविक, लँडर, पॉइंट ऑफ रॉक्सच्या पट्ट्यात, आणि साउथ फोर्कवर बेंटनव्हिलच्या आसपास, नदीच्या पात्रात कातळाच्या पायऱ्या आडव्या-तिरक्या पसरलेल्या आहेत. पाणी कमी असलं की त्या स्पष्ट दिसतात. प्रत्येक पायरीच्या खालच्या अंगाला पाण्याने कोरलेली खोल खाच असते आणि वरच्या अंगाला एक लांबट उथळ पट्टा. लोक खालच्या खाचेत टाकतात. पण पायरीत जिथे खिंड असते, जिथून सगळं पाणी एकवटून खाली पडतं, त्या खिंडीच्या तोंडाशी वरच्या बाजूला पहाटे आणि संध्याकाळी चांगले मासे येऊन बसतात, दोन फुटांपेक्षा कमी पाण्यात. आणि डोह संपून पाणी परत उथळ आणि वेगवान व्हायला लागतं ती जी डोहाची शेपटी असते ना, तिथे पण उजेड कमी झाला की मोठे मासे सरकतात. दिवसा तिथे काहीच नसतं, म्हणून लोक ती जागा सोडून देतात.

अजून एक, हे फार कमी जण सांगतात. मासा नेहमी धारेकडे तोंड करून असतो, नदीच्या उगमाकडे नाही. मोठ्या दगडामागे किंवा काठाच्या वळणात पाणी उलटं फिरतं, भोवरा असतो, तिथे मासा खाली समुद्राकडे तोंड करून बसलेला असतो कारण त्याच्यापुरती धार तिकडून येतेय. अशा ठिकाणी खालून वर गेलात तर सरळ त्याच्या डोळ्यासमोर जाल. भोवऱ्यात आधी फेस कुठल्या दिशेने फिरतोय ते मिनिटभर बघा आणि मग उभं कुठे राहायचं ते ठरवा.

आता आमिष वाहवणं. नदीतल्या क्रेफिशला, हेलग्रामाइटला (डॉब्सनफ्लाय नावाच्या मोठ्या किड्याची काळी, दोन-तीन इंचांची अळी, खळाळातल्या दगडांखाली राहते, स्मॉलमाउथ तिच्यासाठी वेडा असतो) धार लागली की ते बिचारे वाहत जातात, पोहून धारेच्या विरुद्ध जायची त्यांची ताकद नाही. तुम्ही खाली टाकून धारेविरुद्ध ओढत आणता तेव्हा माशाला असं काहीतरी दिसतं जे या नदीत घडतच नाही. गढूळ पाण्यात खपून जातं, नितळ पाण्यात नाही. म्हणून तिरकं वरच्या दिशेने टाका, घड्याळाच्या भाषेत नदीचा वरचा भाग बारा धरला तर दहा किंवा दोनच्या दिशेने, आणि आमिष धारेबरोबर खाली येऊ द्या. रील फिरवायचं ते फक्त सैल पडलेली दोरी गोळा करायला, आमिष ओढायला नाही. रॉडचं टोक वर, कारण वरचं पाणी तळापेक्षा वेगात असतं, दोरी पाण्यावर पडून राहिली तर धार तिला कमानीसारखं वाकवते आणि ती कमान खालच्या आमिषाला ओढून पळवते. दोरी जेवढी हवेत तेवढं आमिष खरं वागतं.

वजन बरोबर आहे की नाही हे हाताला कळतं. आमिष तळाला अधूनमधून टक, टक लागलं पाहिजे, दर एक-दोन सेकंदांनी. लागतच नसेल तर हलकं आहे, सारखं अडकत असेल तर जड आहे. बहुतेक लोक जड वापरतात, एक चतुर्थांश औंस लावतात आणि प्रत्येक कास्टला दगडात घालवतात. या नद्यांत उन्हाळ्याच्या पाण्यात एक सोळांश ते एक अष्टमांश औंस, म्हणजे साधारण दोन ते साडेतीन ग्रॅम, पुरतं. खोल आणि जोरदार जागी तेवढं वाढवा. एकाच जागी तीन वेगळ्या वजनांनी टाकून बघणं हे तीन वेगळे रंग टाकून बघण्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी आहे.

मासा घेतो तेव्हा दरवेळी झटका बसेल असं नाही. वाहत येणारी दोरी मध्येच थांबते, किंवा बाजूला सरकते, किंवा टक टक बंद होते. दगड असेल असं म्हणून थांबू नका, मनगटाने हलकं उचला. दगड असला तर काय बिघडलं.

सामान थोडक्यात. साडेसहा-सात फुटी मीडियम किंवा मीडियम लाइट स्पिनिंग रॉड, २५०० साइझचं रील, दहा पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि त्यापुढे सहा ते आठ पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर (आमिषाजवळचा पारदर्शक दोरीचा तुकडा), नितळ पाण्यात निदान सहा-सात फूट लांब. आमिषात नेड रिग (छोट्या वजनी हुकवर आखूड रबरी तुकडा), साडेतीन इंची ट्यूब (पोकळ रबरी आमिष) ग्रीन पंपकिन म्हणजे हिरवट तपकिरी रंगात, एक काळा रबरी किडा हेलग्रामाइटसाठी, मोत्यासारखा पांढरा फ्लूक (मासोळीच्या आकाराचं मऊ रबरी आमिष), आणि एक छोटा टॉपवॉटर (पाण्यावर तरंगणारा ल्युअर), पॉपर किंवा व्हॉपर प्लॉपरचा लहान साइझ. एवढ्यात मे ते ऑक्टोबर निघतो. रंगाबद्दल माझं मत सरळ आहे, नितळ पाण्यात नदीच्या तळाचा रंग घ्या, चमक कमी, आकार लहान. भडक शार्ट्रूझ (पिवळट पोपटी) वगैरे गढूळ पाण्यासाठी ठेवा. फ्लूकबद्दल एक वाक्य जास्त लिहितो, कारण नितळ पाण्यात मासा लांबून बघू शकतो ही गोष्ट एरवी आपल्या विरुद्ध जाते आणि फ्लूकमध्ये आपल्या बाजूने येते: धारेच्या रेघेवर टाकायचा, दोन झटके, मग दोरी पूर्ण सैल सोडायची आणि त्याला मरतुकड्या मासोळीसारखं वाहू द्यायचं, खालून सहा-आठ फुटांवरून मासा वर येतो आणि तुम्हाला ते सगळं दिसतं. दिसताच झटका मारू नका. फ्लूक तोंडात गेला आणि मासा वळला की मगच. टॉपवॉटरला पण तेच, पाणी फुटलं म्हणून लगेच नाही, रॉडवर वजन आलं की मगच.

हुकला लागलेल्या माशाच्या मागे बघत चला. स्मॉलमाउथ भयंकर चौकस असतो, लागलेल्या माशाच्या तोंडातलं पडलेलं खायला दुसरे मागे येतात आणि कधीकधी मागचा मोठा असतो. बरोबर कोणी असेल तर त्याने लगेच तिथे टाकावं.

ऋतू आणि तापमान. इकडे सगळं फॅरनहाइटमध्ये चालतं म्हणून तसंच लिहितो. पाणी ५० च्या खाली (१० सेल्सिअस) असलं की मासे खोल, संथ डोहात जमतात, हलत नाहीत, आमिष अगदी हळू. ५० वरून ६० कडे चढत असताना, साधारण एप्रिलात, वर्षातले सगळ्यात मोठे मासे लागतात. ६० ते ६५ ला ते वाळू-खडीत गोल घरटी करतात, अंडी घातल्यावर मादी निघून जाते आणि नर अंड्यांवर आणि नंतर पिल्लांवर पहारा देतो. हा नर घरट्यावर आलेल्या कशालाही चावतो, त्यामुळे तेव्हा पकडणं सोपं असतं, आणि नेमकं म्हणूनच मी घरट्यावर टाकत नाही. नराला दोन मिनिटं बाजूला नेलं तेवढ्यात सनफिश (छोटे चपटे मासे) येऊन अंडी साफ करतात. मेरीलँडमध्ये मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत समुद्राच्या भरतीपलीकडच्या नद्यांमध्ये बास ठेवायला बंदीच आहे, पकडला तर सोडायचा. एवढं करूनही मे-जूनमध्ये नदीला मोठा लोंढा आला तर त्या वर्षीची पिल्लं वाहून जातात आणि ती कमतरता पुढे चार-पाच वर्षांनी आपल्या गळाला कळते.

जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत संध्याकाळी नदीवर नक्की राहा. व्हाइट फ्लाय नावाचे पांढरे मेफ्लाय (पाण्यात वाढणारे पंखवाले किडे) अंधार पडायच्या सुमारास पाण्यातून लाखोंनी निघतात, बर्फ पडल्यासारखं दिसतं, आणि दिवसभर दडून बसलेला प्रत्येक मासा वर येतो. फ्लाय रॉड असेल तर उत्तमच, नसेल तर छोटा पॉपर पुरे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी सगळ्यात खाली आणि सगळ्यात नितळ असतं, मासे सगळ्यात बुजरे, तेव्हा वर खिडकीबद्दल लिहिलं ते परत वाचा आणि पहाटे जा.

नदीवर जायच्या आधी यूएसजीएसचा (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा) पाण्याची पातळी दाखवणारा गेज बघायची सवय लावा, साउथ फोर्कला लुरे आणि फ्रंट रॉयलचा, पोटोमॅकला पॉइंट ऑफ रॉक्सचा. आकड्यापेक्षा आलेखाचा उतार बघा. पावसानंतर नदी चढत असेल तर घरीच बसा. चढून उतरायला लागली आणि पाणी तपकिरीवरून हिरवट झालं, तळ दोन-तीन फुटांपर्यंत दिसायला लागला की त्या एक-दोन दिवसांत रजा मिळत असेल तर घ्या. मासा भुकेला असतो आणि पाणी त्याला आपल्यापासून लपवतं तसं आपल्यालाही त्याच्यापासून लपवतं.

आता खाण्याचं. स्पष्ट सांगतो, सोडून द्या. दोन कारणं आहेत. एक तुमच्या तब्येतीचं, साउथ फोर्कच्या वरच्या अंगाला वेन्सबरो गावातल्या कारखान्यातून १९२९ ते १९५० या काळात पारा नदीत गेला, तो अजून गाळात आहे आणि माशांतही येतो, त्यासाठी व्हर्जिनियाच्या आरोग्य खात्याची लेखी सूचना आहे, ती वाचाच, घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर विशेष. दुसरं कारण माशाचं. नदीतला स्मॉलमाउथ फार हळू वाढतो, बारा इंचाला यायला चार-पाच वर्षं, अठराच्या पुढचा मासा आठ-दहा वर्षांचा असू शकतो. २००४ मध्ये नॉर्थ फोर्कवर आणि २००५ मध्ये साउथ फोर्कवर वसंत ऋतूत मोठ्या माशांची भयंकर मर झाली, अंगावर व्रण पडून मासे मेले. २००५ मध्येच पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीत पिल्लं रोगाने मेली. या नद्या त्यातून हळूहळू सावरल्या आहेत. ज्या माशाने पूर, रोग, बगळे सगळं पचवून अठरा इंच गाठले त्याला तव्यावर घालवायला माझं मन होत नाही, आणि तुमचंही होऊ नये असं मनापासून वाटतं. तो परत पाण्यात गेला तर पुढच्या वर्षी घरट्यावर पहारा देईल.

गंमत म्हणजे हा मासा या नद्यांचा मूळचा नाहीच. त्याचं घर ग्रेट लेक्स, ओहायो, टेनेसी, म्हणजे अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पलीकडचं पाणी. १८५३ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे डोंगर ओलांडून ओहायो नदीवरच्या व्हीलिंगपर्यंत पोचली आणि १८५४ मध्ये जनरल विल्यम श्रायव्हर यांनी व्हीलिंग क्रीकमधले काही स्मॉलमाउथ इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालून पोटोमॅककाठच्या कंबरलँडला आणले आणि कालव्याच्या कुंडात सोडले. तिथून ते पोटोमॅकभर पसरले आणि शेनँडोआत शिरले. आज तुम्ही ज्याच्या मागे आहात तो त्याच टाकीतल्या माशांचा वंशज आहे. दीडशेहून जास्त वर्षं इथे राहून त्याने हे पाणी आपलं केलंय.

सोडायचं तर नीट सोडा. हुकच्या टोकाचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका, नदीत वाकून काढायला सोपं जातं आणि तुमच्या बोटात गेला तरी निघतो. मासा उडी मारायला लागला की रॉड आडवी खाली धरा, दोरी ताणलेली ठेवा, उडीत सैल पडली की हुक उडालाच. धारेत मोठा मासा लागला तर त्याला धारेविरुद्ध ओढत बसू नका, तो पाण्याचं वजन घेऊन लढतो, तुम्हीच खाली चालत जाऊन त्याच्या बाजूला किंवा त्याच्या खाली या आणि संथ पाण्यात वळवा. लवकर आणा, खालच्या जबड्याला अंगठ्याने धरा, मोठा असेल तर पोटाखाली दुसरा हात, फोटो काढणारा तयार असल्याशिवाय पाण्याबाहेर काढू नका. पाणी ८० फॅरनहाइटच्या वर (२७ सेल्सिअस) असेल तर फोटो सोडून द्या, हुक पाण्यातच काढा.

लायसन्स. पोटोमॅक व्हर्जिनियाच्या काठापर्यंत मेरीलँडची आहे, ब्रिटिश काळातल्या सनदेपासून. तरी मुख्य प्रवाहात व्हर्जिनियाचं गोड्या पाण्याचं लायसन्स चालतं, मेरीलँडच्या बाजूच्या उपनद्यांत मात्र नाही. नियम दरवर्षी बदलू शकतात म्हणून निघण्याआधी दोन्ही राज्यांची चालू पुस्तिका बघून घ्या.

शेवटचं वेडर्सचं, आणि यात माझं ऐकाच. जून ते सप्टेंबर वेडर्स लागत नाहीत, अर्धी चड्डी आणि चांगले बूट पुरतात, पाणी कोमट असतं. बुटाला रबरी सोल आणि त्यात टंगस्टनचे खिळे असलेले घ्या. फेल्टचे (जाड नमद्याचे) सोल मेरीलँडमध्ये २०११ पासून बंद आहेत, एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत जातं म्हणून. थंडीत वेडर्स घातलेच तर कमरेचा पट्टा घट्ट. लाइफ जॅकेट अंगात, गाडीत नाही. हातात काठी. पाय उचलून टाकायचा नाही, तळावरून सरकवायचा, एक पक्का रोवला की मगच दुसरा. वर जाताना चालत आलात ती जागा परत उतरताना वेगळी लागते, म्हणून मांडीच्या वर पाणी आलं आणि धार जोरात असेल तर मागे फिरा, पलीकडे कितीही चांगली जागा दिसत असली तरी. पडलातच तर उभं राहायचा प्रयत्न धारेत कधीही करू नका, पाय दोन कातळांच्या फटीत अडकला तर कमरेएवढं पाणी पण माणसाला खाली दाबून धरतं. पाठीवर व्हा, पाय खालच्या दिशेने आणि वर, आणि संथ पाणी आलं की काठाकडे पोहत या. ग्रेट फॉल्स आणि त्याच्या खालच्या घळीत पाण्यात उतरायचंच नाही, तिथे वेडिंगला आणि पोहायला मनाई आहे, वरून शांत दिसतं आणि दरवर्षी माणसं जातात. तुम्ही सुरुवात साउथ फोर्कच्या गुडघाभर खळाळातून करा, एकटे जाऊ नका, आणि घरी सांगून जा की कुठल्या लँडिंगला (नदीत उतरायच्या घाटाला) उतरताय आणि किती वाजता परत येणार.